जेसनचे टाके

स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखी टाळाटाळ केली. जवळजवळ चाळीस वर्षं विमानांच्या देखभालीत गेली. लिहिणं म्हणजे लॉगबुकात नोंद करायची आणि खाली सही ठोकायची, एवढंच मला ठाऊक. ते म्हणाले की शाळेच्या आठवणी बाकीचे सगळे लिहिणारच आहेत, तू तुझ्या विमानांबद्दल लिही. म्हणून एका विमानाबद्दल आणि त्याच्या मालकिणीबद्दल लिहितो आहे. शाळा त्यातूनही सुटलेली नाही, हे तुमच्या लक्षात येईलच.

आठवीत आपली विभागणी झाली, ते आठवत असेल. मुलांना वर्कशॉप, मुलींना शिवण. बुधवारचे शेवटचे दोन तास आम्ही लोखंडाच्या तुकड्यावर कानस घासत असू आणि व्हरांड्याच्या पलीकडच्या खोलीत मुली धावदोरा घालत, काजं करत. आपल्या वर्गातल्या एका मुलीने वर्कशॉपला बसायची परवानगी मागितली होती. ती मिळाली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती व्हरांड्यातून जाऊ लागली की आम्ही आतून कानस वाजवून तिला चिडवायचो. वाजवणाऱ्यांत मी पहिला होतो.

असंच एकदा चाललेलं वर्कशॉपच्या सरांनी ऐकलं. ते रागावले नाहीत. त्यांनी आम्हाला हातातलं काम खाली ठेवायला लावलं आणि एमी जॉन्सन नावाच्या बाईची गोष्ट सांगितली. ती एकटी विमान चालवत इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली, आणि त्याआधी ती विमानाची मिस्त्री झाली होती, एवढंच त्यांनी सांगितलं. तो आम्हाला मारलेला टोमणा होता, हे आमच्या डोक्यात शिरलं नाही. पुढे याच धंद्यात पडल्यावर मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल या बंदराच्या गावी झाला. घरचा धंदा मासळीचा, तोही चांगला जोरात चाललेला. ती बहिणींत थोरली. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झाली. त्या काळी शिकलेल्या मुलीला साधारण दोनच वाटा असत, शाळेत शिकवणं किंवा कचेरीत टायपिंग. ती लंडनला एका वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरी म्हणून लागली. एका परदेशी माणसावर तिचा जीव जडला होता. ते प्रकरण बरीच वर्षं रेंगाळलं आणि शेवटी मोडलं. ती एकटी पडली. त्याच सुमारास, १९२८ साली, ती लंडनच्या वायव्येला स्टॅग लेन इथल्या विमानतळावर जाऊ लागली. तिथे लंडन एरोप्लेन क्लब होता.

ती काही जन्मजात वैमानिक नव्हती. पहिल्यांदा एकटीने विमान नेण्याआधी तिला जवळजवळ सोळा तास शिकावं लागलं. चपळ विद्यार्थ्याला याच्या निम्मा वेळ पुरे होत असे. विमान उतरवणं हा तिचा कच्चा विषय होता आणि तो तसा पुढेही कच्चाच राहिला. जुलै १९२९ मध्ये तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. तिचं खरं मन मात्र हँगरमध्ये रमलं. क्लबचे मुख्य ग्राउंड इंजिनिअर जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली ती इंजिनं खोलायला आणि जोडायला शिकली. कचेरीच्या आधी सकाळी आणि कचेरी सुटल्यावर संध्याकाळी ती तिथे असे. हँगरमधले लोक तिला जॉनी म्हणू लागले. १९२९ सालीच तिने ग्राउंड इंजिनिअरचा ‘सी’ परवाना मिळवला. ब्रिटनमध्ये हा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री. या परवान्याच्या माणसाला इंजिन तपासून ते उडवायला योग्य आहे, असं सहीनिशी सांगता येत असे. विमान चालवणाऱ्या बाया तोपर्यंत इंग्लंडमध्ये बऱ्याच झाल्या होत्या. अशी सही करणारी कोणी नव्हती.

आता विमानाकडे येतो. जेफ्री डी हॅविलंड यांना पतंग-फुलपाखरांचा नाद होता, म्हणून त्यांनी आपल्या छोट्या दोन आसनी विमानाला मॉथ म्हणजे पतंग असं नाव दिलं. १९२८ साली त्याला कंपनीचंच जिप्सी इंजिन बसवलं आणि ते जिप्सी मॉथ झालं. चार सिलिंडर, हवेने थंड होणारं, सुमारे १०० अश्वशक्तीचं इंजिन. अंग लाकडी सांगाड्याचं आणि प्लायवूडचं. पंख एकावर एक असे दोन जोड, लाकडी फासळ्यांवर कापड ताणून केलेले. पंखांचा पसारा ३० फूट. ते मागे दुमडता येत आणि मग विमान मोटारीमागे बांधून नेता येई. वैमानिक उघड्यावर बसत असे, वारा आणि पाऊस सरळ तोंडावर. रेडिओ नाही, ब्रेक नाहीत. उतरताना वेग मात्र कमी, सायकलवाल्याला दडपण येईल पण मोटारवाल्याला येणार नाही एवढाच. या विमानांचे अपघात खूप होत, पण त्यातून माणसं बहुधा चालत बाहेर येत, त्याचं कारण हे.

आपलं विमान १९२८ सालचं. त्याची नोंदणीची अक्षरं जी-एएएएच. ब्रिटनच्या नोंदवहीत तेव्हा नवी मालिका नुकतीच सुरू झाली होती आणि त्यात हे आठवं अक्षर. पहिला मालक कॅप्टन होप, नावाजलेला वैमानिक. त्याने किंग्ज कप ही मोठी विमान-शर्यत १९२७ आणि १९२८ अशी लागोपाठ दोनदा जिंकली होती. त्याचा भाड्याने विमान चालवण्याचा धंदा होता. लांबच्या प्रवासासाठी त्याने या मॉथला जादा टाक्या बसवून घेतल्या होत्या. म्हणजे एमीच्या हाती आलं ते कोरं करकरीत विमान नव्हतं. दोन वर्षं राबलेलं, पण लांब पल्ल्याची सवय असलेलं विमान होतं ते. जुनी मोटारसायकल घेताना आपण आधीचा मालक कोण हे विचारतोच. इथे उत्तर चांगलं होतं.

किंमत ६०० पौंड. सेक्रेटरीच्या पगारात ते शक्यच नव्हतं. एमीने मदतीसाठी पत्रांचा सपाटा लावला. बहुतेकांनी दाद दिली नाही. ब्रिटनच्या मुलकी विमानखात्याचे प्रमुख सर सेफ्टन ब्रँकर यांना मात्र तिच्या चिकाटीचं कौतुक वाटलं. त्यांनी कॅस्ट्रॉल तेलाचे मालक लॉर्ड वेकफील्ड यांच्याकडे शब्द टाकला. अर्धे पैसे वेकफील्ड यांनी दिले, वाटेत ठिकठिकाणी पेट्रोल-तेलाची सोयही केली. उरलेले अर्धे वडिलांनी दिले. एमीने विमानाला नाव दिलं जेसन. ग्रीक पुराणातल्या वीराचं नाव असलं तरी ते आलं होतं वडिलांच्या मासळीच्या धंद्यातून. जेसन हा त्यांच्या मालाचा शिक्का होता. सुकटीच्या खोक्यावरचं नाव विमानाच्या हिरव्या अंगावर रुपेरी अक्षरांत चढलं.

५ मे १९३० रोजी सकाळी क्रॉयडनहून ती निघाली. निरोपाला घरची आणि क्लबची मोजकी माणसं. तोवरचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडनहून हलपर्यंतचा, दीडशे मैलांच्या आतला. विमान चालवण्याचा अनुभव शंभर तासांच्याही खाली. समोर ११,००० मैल. बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९२८ साली हे अंतर साडेपंधरा दिवसांत एकट्याने कापलं होतं, तो विक्रम तिला मोडायचा होता. तिने नकाशावर शक्य तेवढी सरळ रेघ मारली. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद, बंदर अब्बास, कराची. बाजूला एक जादा प्रोपेलर दोरीने बांधलेला. जादा टाकीतलं पेट्रोल वरच्या टाकीत हाताने पंप मारून चढवायचं, आणि तेही विमान चालवता चालवता. पेट्रोलच्या वासाने तिला मळमळत असे. दिवसभर उडायचं आणि उतरल्यावर स्वतः इंजिनाची देखभाल करायची, मग तीन-चार तास झोप.

यापुढची हकीगत मी आमच्या धंद्यातल्या माणसासारखी सांगतो, म्हणजे विमानाचं काय काय मोडलं त्या क्रमाने.

बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळाने विमान हजारो फूट खाली ओढलं. काही दिसेना, म्हणून तिने अंदाजाने वाळवंटात टेकवलं. वाऱ्याने विमान ढकललं जाऊ नये म्हणून सामान काढून चाकांना अडवलं, इंजिनात वाळू जाऊ नये म्हणून ते झाकलं आणि हातात पिस्तूल घेऊन वादळ ओसरायची वाट पाहत बसली. तशीच पुढे बगदादला पोचली, तर उतरताना चाकांचा एक आधारदांडा मोडला. तो तिथल्या विमानतळावरच्या कारागिरांनी रातोरात दुरुस्त केला. पुढे बंदर अब्बासला उतरताना पुन्हा तिथेच मोडतोड. तीही रात्रीत निस्तरली.

१० मे रोजी ती कराचीला उतरली. इंग्लंडहून हिंदुस्थानपर्यंत सहा दिवस, हिंकलरपेक्षा दोन दिवस कमी. तोवर कोणाला तिचं फारसं कौतुक नव्हतं. त्या दिवसापासून जगभरच्या वर्तमानपत्रांत तिचं नाव पहिल्या पानावर आलं.

त्याच मे महिन्यात आपली मंडळीही याच आकाशात होती. आगा खान यांनी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांमधलं अंतर एकट्याने कापणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं होतं. मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळवलेले जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले होते आणि कोवळा अस्पी इंजिनिअर लंडनहून कराचीकडे. दोघांचीही विमानं जिप्सी मॉथच. इजिप्तमध्ये अबुकीरला त्यांची गाठ पडली. अस्पीच्या इंजिनाचे स्पार्क प्लग खराब झाले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. बक्षीस अस्पीने जिंकलं. हेच अस्पी इंजिनिअर पुढे आपल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. ही गोष्ट मी नव्या मुलांना नेहमी सांगत आलो. ज्याला सुटा भाग हवा आहे त्याला तो द्यावा, शर्यत नंतर.

कराचीहून एमीला एका दमात अलाहाबाद गाठायचं होतं. समोरून वारा लागला, पेट्रोल संपत आलं आणि तिने झाशीच्या लष्करी छावणीतल्या कवायतीच्या मैदानावर जेसनला उतरवलं. ब्रेक नसलेलं विमान बराकींच्या दिशेने धावत गेलं, लोक पळाले आणि एक पंख फाटून मोडला. झाशीच्या सुताराने लाकूडकाम केलं, बाकीच्यांनी कापड. दुसऱ्या दिवशी जेसन अलाहाबादमार्गे कलकत्त्याला पोचला होता. त्या सुताराचं नाव कुठे वाचायला मिळालं नाही. मॉथच्या फासळीचं लाकूड बोटाएवढं बारीक असतं आणि जोड जरा चुकला तर पंख हवेत पिळतो. हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या माणसाचा हात किती सरावलेला असेल हे कळेल.

१३ मे रोजी ती रंगूनकडे निघाली. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडत असे. पावसाळा सुरू झालेला. रंगूनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरायचं ठरलं होतं, पण पावसात तिला ते ओळखू आलं नाही. जवळच्या इन्सीन गावातलं खेळाचं मैदान तेच समजून ती उतरली. मैदान आखूड. जेसन पुढच्या चरात नाक खुपसून थांबला. प्रोपेलर तुटला, चाकं गेली, पंख फाटला. एमीला खरचटलंसुद्धा नाही, पण ती तिथेच बसून रडली. विक्रम गेला हे तिला कळून चुकलं.

ते मैदान कोणाचं होतं? इन्सीनच्या सरकारी तंत्रशाळेचं. विमान मोडून पडलं होतं ते वर्कशॉपच्या दारात! तिथले शिक्षक आणि विद्यार्थी धावले. लोखंडी भाग भट्टीत तापवून सरळ केले, जे सरळ होईनात ते नवे घडवले. लाकडी फासळ्या पुन्हा बनवल्या. जादा प्रोपेलर बाजूला बांधलेला होताच. प्रश्न उरला कापडाचा. विमानाचं कापड म्हणजे खास विणीचं लिनन. ते ब्रह्मदेशात कुठून येणार? तेव्हा कोणाला तरी आठवलं की पहिल्या महायुद्धानंतर उरलेलं विमानाचं लिनन स्वस्तात विकलं गेलं होतं आणि गावातल्या काही जणांनी त्याचे सदरे शिवून घेतले होते. ते सदरे गोळा झाले. शिवण उसवली, पट्ट्या कापल्या आणि त्या जेसनच्या पंखाला लावल्या. कापड ताणण्यासाठी वरून लावायचं डोप नावाचं द्रावण रंगूनमधल्या औषधवाल्याने खटपटीने जमवून दिलं. तीन दिवसांत विमान उभं राहिलं. १६ मे रोजी ते बँकॉककडे उडालं.

इथे थोडं थांबून त्या शिवणकामाबद्दल सांगतो, कारण यात माझी स्वतःची फजिती आहे.

शिकाऊ म्हणून मी एका फ्लाइंग क्लबमध्ये लागलो तेव्हा तिथे पुष्पक विमानं होती. त्यांचेही पंख कापडाचे. कापड फासळ्यांना लांब सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं. प्रत्येक टाक्याला गाठ, आणि दोन टाक्यांत ठरलेलंच अंतर. विमान उडताना पंखाच्या वरच्या बाजूची हवा कापड वर ओढत असते. विमान हवेत राहतं ते या ओढीमुळेच. ते कापड फासळीला धरून ठेवतो टाका. एक टाका सुटला तर गाठींमुळे शेजारचे टिकतात. अंतर वाढलं आणि कापड फुगायला लागलं, तर मात्र वैमानिकाच्या हातात काही राहत नाही. मी शिवलेला पहिला पट्टा आमच्या वयस्क मिस्त्रींनी पाहिला, अंगठ्याने टाक्यांमधलं अंतर मोजलं आणि काही न बोलता कात्रीने सगळा उसवून टाकला. असं तीनदा झालं. मग त्यांनी विचारलं की शाळेत काहीच शिकवलं नाही का. मी सांगितलं की शिवण मुलींना होतं. त्यावर ते इतकंच म्हणाले की मग त्यातली एखादी आज इथे असती तर काम उरकलं असतं. त्या रात्री मला व्हरांड्यातली ती मुलगी आठवली, आणि माझ्या हातातली कानसही.

तर जेसन पुढे निघाला. बँकॉक, सिंगोरा, सिंगापूर. जावा बेटावर त्जोमल इथे साखर कारखान्याच्या आवारात उतरताना जमिनीत रोवलेले बांबू पंखात घुसले. ती भोकं एमीने चक्क जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बुजवली. सुरबायाला इंजिनाच्या दुरुस्तीसाठी थांबावं लागलं. तिमोर बेटावर अंधार पडताना ठरलेलं मैदान सापडेना, म्हणून वारुळांनी भरलेल्या एका रानात ती उतरली. इकडे जगभर ती बेपत्ता झाल्याची बातमी पसरली आणि तिकडे गावकरी तिला घेऊन चालले होते. २४ मे रोजी शेवटचा टप्पा, तिमोरचा समुद्र. सुमारे ५०० मैल नुसतं पाणी, एक इंजिन आणि त्याला लाकडी पंखा. वाटेत एक तेलवाहू जहाज दिसलं तेव्हा वाट बरोबर असल्याची खात्री पटली. दुपारी ती डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस लागले. विक्रम हुकला, पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री ठरली.

जेसनचं नष्टचर्य मात्र संपलं नव्हतं. पाच दिवसांनी, २९ मे रोजी, ब्रिस्बेनला हजारो माणसं तिला पाहायला जमली होती. थकलेल्या एमीने विमान मैदानाच्या पुढे नेलं, कुंपणावर आपटलं आणि ते मक्याच्या शेतात उलटं झालं. ती बाहेर आली, हसली, हात हलवला. जेसन तिच्यासाठी संपला. पुढचा दौरा तिने प्रवासी म्हणून दुसऱ्या विमानांतून केला. ब्रिस्बेनहून सिडनीला नेणाऱ्या विमानाचा वैमानिक होता जिम मॉलिसन. दोन वर्षांनी तिने त्याच्याशी लग्न केलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. ऑगस्टमध्ये ती परतली तेव्हा लंडनचे रस्ते माणसांनी भरले होते. सीबीई हा किताब मिळाला, एका वर्तमानपत्राने १०,००० पौंड दिले, तिच्यावर गाणं निघालं. ब्रँकर यांना मात्र तिची पुढची वाटचाल पाहायला मिळाली नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आर १०१ या हवाई जहाजाच्या अपघातात ते गेले. १९३१ च्या उन्हाळ्यात एमी मॉस्कोमार्गे टोकियोला गेली. बरोबर कोण होतं? जॅक हम्फ्रीज, तिला इंजिन शिकवणारे तिचे गुरुजी. १९३२ साली केपटाउनपर्यंतचा नवऱ्याचाच विक्रम तिने मोडला. १९३३ मध्ये दोघं मिळून अटलांटिक ओलांडून अमेरिकेला पोचले, पण इंधन संपल्याने ब्रिजपोर्टला विमान कोसळलं. दोघं जखमी झाले आणि आठवण म्हणून विमानाचे तुकडे लोकांनी पळवून नेले. १९३४ च्या इंग्लंड ते मेलबर्न शर्यतीत ही जोडी पुन्हा आपल्याकडे आली. कराचीपर्यंत आघाडीवर, मग वाट चुकून जबलपूरला. तिथे विमानाचं पेट्रोल नव्हतं, मिळालं ते मोटारीचं. त्याने इंजिनं खराब झाली आणि अलाहाबादला शर्यत सोडावी लागली. याच शहरावरून चार वर्षांपूर्वी सुताराने दुरुस्त केलेला जेसन सुखरूप गेला होता! लग्नही पुढे टिकलं नाही. १९३८ साली घटस्फोट झाला. त्या दशकात ती स्त्री-अभियंत्यांच्या संघटनेची अध्यक्ष होती, हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं असतं. मला ते सीबीईपेक्षा मोठं वाटतं.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ती हवाई दलाची विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवणाऱ्या नागरी दलात दाखल झाली. ५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळावर एक दोन इंजिनी प्रशिक्षण-विमान न्यायचं होतं. हवा वाईट, ढग दाट, बर्फ. ती वाटेपासून फार दूर गेली. काही तासांनी थेम्स नदीच्या मुखाशी, हर्न बेजवळ, ती हवाई छत्रीने समुद्रात उतरली. जवळच्या हॅसलमिअर या जहाजावरच्या लोकांनी तिला पाहिलं. जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर गोठत्या पाण्यात उडी मारून तिच्याकडे गेले. ती हाती लागली नाही आणि तेही वाचले नाहीत. तिचा देह कधीच सापडला नाही. वय ३७.

एमी धाडसी होतीच, पण धाडसी माणसं या धंद्यात पुष्कळ झाली आणि त्यांतली बरीचशी पहिल्याच मोडतोडीत अडकली. जेसन क्रॉयडनहून डार्विनला पोचला तो न मोडता नव्हे, दर मोडीनंतर नीट दुरुस्त होऊन. काय मोडलं आहे, कोणता जोड चालेल आणि कोणता चालणार नाही, हे त्या बाईला ठाऊक होतं. झाशीच्या सुताराला, इन्सीनच्या मास्तरांना, सदरे उसवणाऱ्यांना नेमकं काय करायचं हे ती सांगू शकली आणि झालेलं काम पारखू शकली. विमानाची सुरक्षितता म्हणतात ती हीच.

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जेसन आज छताला टांगलेला आहे. मुलीकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम पाहून आलो. फार छोटं दिसतं. मी खाली उभा राहून पंखाच्या खालच्या बाजूकडे बराच वेळ पाहत होतो. फासळ्यांच्या ओळी दिसतात. कुठली शिवण कारखान्यातली आणि कुठली नंतरची, ते खालून कळत नाही. चांगल्या दुरुस्तीचं लक्षणच ते.

आपले वर्कशॉपचे सर आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं. पण मेळाव्याला ती आपली वर्गमैत्रीण येणार आहे, असं यादीत वाचलं. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला कळेल. कानस वाजवणाऱ्यांत मी पहिला होतो. माफी मागण्यातही पहिला असावा अशी इच्छा आहे. आणि तिची हरकत नसेल, तर तो गाठीचा टाका मी तिला दाखवीन. मला तो शिकायला तीनदा उसवावा लागला, तिला बहुधा एकदाच दाखवला की पुरे होईल.